अर्धा त

मुलीनं बाळाचं नाव सांगितलं, आणि त्याची जीभ वरच्या दातांमागे जाऊन चिकटली. बाहेरून कुणाला काही दिसलं नसेल. दवाखान्याच्या खोलीत तो खिडकीपाशी थर्मास धरून उभा होता. जावई पाळण्यावर वाकून फोटो काढत होता, आणि मुलगी उशीला टेकून, थकलेल्या पण भलत्याच खुशीत असलेल्या आवाजात सांगत होती, "त्विषा. त्विषा म्हणजे तेज. आमच्या ओळखीत कुणाचंच नाही. आणि बाबा, तुमचं अक्षर मुद्दाम घेतलंय बरं का." त्याचं स्वतःचं नाव त वरून होतं, आजोबांचं चालवलेलं. "वा," तो म्हणाला, "सुरेख." स आणि व यांनी त्याला कधी दगा दिला नव्हता. "एकदा म्हणून बघा ना," जावई मागे न वळता म्हणाला. "सगळ्यांचं पहिल्यांदा चुकतंय. आमची आई सकाळपासून तृषाच म्हणतेय." त्यानं थर्मास कानाशी नेऊन हलवला, पाणी संपलंय म्हणाला आणि भरून आणायला बाहेर पडला. बाहेरच्या लांब बोळात, पाण्याच्या नळासमोर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, "त्विषा. त्विषा. त्विषा." एकदम स्वच्छ, रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखं. हे नेहमीचंच होतं. नळाशी, भिंतीशी, आरशाशी त्याला काहीही बोलता यायचं. मागून नर्सच्या चपला वाजल्या आणि त्यानं तोंड मिटून घेतलं.

त्याचं आणि त चं वैर जुनं होतं, आणि ते त्याच्याखेरीज कुणाला धड ठाऊक नव्हतं. शाळेत धडा वाचायची पाळी बाकांच्या ओळीनं येत असे, आणि तो आधीच परिच्छेद मोजून आपल्या वाट्याला कुठला येतो ते पाहून ठेवायचा. एकदा पुढचा मुलगा आजारी पडून घरी राहिला, गणित चुकलं, आणि 'तेव्हा'नं सुरू होणारा परिच्छेद त्याच्या पुढ्यात आला. त, त, त, असं कितीतरी वेळ चाललं. मास्तरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, वर्ग हसत सुटला, आणि शाळा सुटेपर्यंत त्याचं नाव तबला झालं होतं. घरी वडील म्हणत, "सावकाश बोल, सावकाश," आणि तेही इतक्या घाईनं म्हणत की त्याला हसू यायचं आणि रडूही. पुढे त्यानं उपाय शोधला तो सावकाश बोलण्याचा नव्हे, वळसा घालण्याचा. ताट म्हणायचं नाही, जेवण वाढलंय म्हणायचं. तारीख विचारायची नाही, आज कितवा दिवस म्हणायचं. बसचा जो थांबा त वरून होता, त्याच्या पुढच्याचे पैसे द्यायचे आणि मागे चालत यायचं. पण तू, तो, ती, ते, तुम्ही, तिथे, तर, यांचं काय करायचं? आपल्या बोलण्यात माणूस दर दोन पावलांवर त ला अडखळतो. ज्याला हे होतं त्याला लोक तोतरा म्हणतात, म्हणजे दुखण्याचं नाव सांगायचं झालं तरी पुन्हा त आलाच. त्यानं 'तू' गाळायला सुरुवात केली. "जेवलीस का?" "येणार आहेस?" क्रियापदाच्या शेपटीतच माणूस असतो, वेगळा बोलवावा लागत नाही. परगावच्या माणसालाही तो 'हा' म्हणायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात सगळी माणसं जणू याच खोलीत बसलेली असत. वाक्याच्या मध्ये, धावत्या शब्दांच्या गर्दीत, त कसाबसा निभावून जायचा. म्हणून वाक्य सुरू करताना तो 'म्हणजे' लावायचा, उडी मारण्याआधी दोन पावलं पळावं तसा. लोकांना वाटे, विचार करून बोलणारा गृहस्थ आहे. छापखान्यात तर त्याला पंडित म्हणत. प्रुफं तपासायला दोघं बसतात, एक मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि दुसरा छापलेल्यावर नजर ठेवून चुका खुणावतो. त्यानं पहिल्या दिवसापासून पेन्सिल आपल्या हातात घेतली आणि वाचन समोरच्याकडे दिलं, आणि सगळी नोकरी त्यातच काढली.

बायकोला कळलं होतं का, हे त्यानं कधी विचारलं नाही. लग्न ठरताना दोघांना बोलायला म्हणून गच्चीत पाठवलं होतं. त्याला विचारायचं होतं, तुला वाचायला आवडतं का. 'तु'वर तो अडकला, आणि ती कठड्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाली, "वाचायला ना? खूप आवडतं." त्याच्या हातात पुस्तकांचं पुडकं होतं, त्यावरून तिनं ओळखलं असेल. तेव्हापासून त्याच्या अडलेल्या वाक्यांना ती टेकू देत आली. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे तीच पुढे होऊन बोलायची. फोन वाजला की ओले हात पदराला पुसत ती धावायची. तो बसल्या जागी हात लांब करून उचलू शकला असता. "यांना कमीच बोलायला आवडतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. मुलगी हेच ऐकत मोठी झाली. ती बायको जाऊन आता चार वर्षं झाली होती. तिच्यामागे त्याचं बोलणं आणखी आखडलं होतं. पण एकट्या माणसाला बोलायला लागतंच किती?

आणि मग ही त्विषा आली. नावाला पर्यायी शब्द नसतो. त्यातून हा साधा त नव्हे, अर्धा, वि ला जोडलेला. जीभ दातांवर टेकवायची आणि स्वराचा आधार मिळायच्या आत ओठांशी पोचायचं. दारावरचे लोक तविषा म्हणत, डॉक्टरांकडची बाई 'ती विषा' असं दोन माणसं असल्यासारखं पुकारायची. शेजारच्या काकू दोन महिने विशू म्हणून वेळ निभावत होत्या. मुलगी प्रत्येकाला थांबवून शिकवायची, "अर्धा त, मग वि. त्वचा म्हणतो ना आपण, त्वरा म्हणतो ना, तसंच. त्वि-षा." लोक हसत, प्रयत्न करत, चुकत. त्यानं मात्र चारचौघांत प्रयत्न केलाच नाही. पोरगी कुशीवरसुद्धा वळत नव्हती तेव्हापासून तो तिला भिंगरी म्हणू लागला. "अगं", "ए", "बाळा" असं पुढे काही लावूनही त्यानं दुपारी, घरात कुणी नसताना, पाळण्यावर वाकून पाहिलं. पाळण्यात ती एकटी असताना जमायचं. पण मुलगी खोलीत आली की जीभ आधीच हुशार व्हायची. पुढे काय येणार आहे ते तिला 'अगं'च्या आधी कळायचं. मुलगी बघत होती. आधी गमतीनं म्हणायची, "बाबा, तुमच्या नातीला नाव आहे." मग गंमत कमी होत गेली. मुलीच्या घराला आणि त्याच्या घराला जोडणारा रस्ता पंधरा मिनिटांचा, रोज संध्याकाळी तो जायचा, खाली बसून ठोकळ्यांचे मनोरे करायचा, पोरगी ते पाडायची, आणि स्वयंपाकघरातून मुलीची हाक यायची, "त्विषा, आजोबांना पाणी नेऊन दे." हाक कशी सहज जाते, हे तो ऐकत राहायचा. पाटावरून पाणी जावं तशी.

पोरगी सहा महिन्यांचीही नव्हती तेव्हाच टीव्हीवर एक मालिका लागली होती. तीत एका श्रीमंत घरातली गोड मुलगी होती, आणि तिचं नाव हेच. बघता बघता नाव फोफावलं. बागेत ऐकू येऊ लागलं, केकच्या दुकानाच्या काचेमागे साखरेच्या अक्षरांत दिसलं, जावयाच्या ऑफिसातल्या दोघांनी आपल्या मुलींना ठेवलं. पण मालिकेतली माणसं म्हणायची ट्विशा, कडक ट लावून, तोंडात टॉफी असल्यासारखं. त्यामुळे सगळीकडे ट्विशाच झालं. आता लोक मुलीलाच सुधारू लागले. "अहो, ट्विशा म्हणतात त्याला. तुम्ही मालिका बघत नाही वाटतं?" मुलगी घरी येऊन तणतणायची. "आम्ही आधी ठेवलं! आणि आता असं वाटतं की आम्हीच टीव्ही बघून उचललं. वर उच्चारही आमचाच चुकीचा!" त्याला तिची कीव यायची आणि थोडी भीतीही वाटायची, कारण तिला आता साथीदार हवा होता, आणि घरात शब्दांत आयुष्य काढलेला माणूस एकच होता. ट मात्र त्याला सोपा होता. जीभ टाळूला लागते, दातांशी तिचं देणंघेणं नाही. एका संध्याकाळी पोरगी खुर्चीवर चढून खिडकीच्या गजाला लोंबकळली, मुलगी आतून ओरडली, "बाबा, तिला बोलवा!" आणि त्याच्या तोंडून धाडकन निघालं, "ट्विशा! खाली ये!" पोरगी उतरली. मुलगी दारात येऊन उभी होती, हातात उलथनं. पोरीला तिनं जवळ ओढलं. मग म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलंत, आणि तेही असं?"

"चुकून गेलं," तो म्हणाला.

"तुमचं चुकून जात नाही, बाबा. लोकांच्या पुस्तकातला ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला झोपेत दिसतो. नाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. सांगायचं होतंत. मी तुमचं अक्षर घेतलं, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. दवाखान्यातसुद्धा पाणी आणायला म्हणून गेलात. थर्मास भरलेला होता, मी सकाळीच भरून घेतला होता."

"असं काही नाही. आवडलं आहे."

"मग म्हणा."

खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. तिच्याकडे न बघता त्यानं ठोकळे डब्यात भरले आणि चपला घालून निघून आला. वाटेत त्याला वाटलं, परत जावं, सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे कुठून सांगायचं? वाक्य मनात जुळवलं तर ते 'तुला' पासून सुरू होत होतं.

त्यानंतर तो रोज जाईनासा झाला. मुलगीही "या ना" म्हणाली नाही. असे काही आठवडे गेले. मग एका दुपारी तिचा फोन आला. जावई कामासाठी बाहेरगावी होता, तिची ऑफिसातली बैठक लांबली होती, पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली होती. "बाबा, आजच्या दिवस तिला आणाल?" आवाजात विनंती होती, आणि ती विनंती आहे याचंच त्याला वाईट वाटलं. "आणतो की," तो म्हणाला. पाळणाघरात तो एकटा कधी गेला नव्हता. सगळा रस्ता तो नाव म्हणत गेला. विजेच्या खांबांना, बंद दुकानांच्या दारांना, एका झोपलेल्या कुत्र्याला त्यानं त्विषा म्हणून दाखवलं. आज म्हणायचंच, आणि नीट, ट लावून नाही. छान जमत होतं.

पाळणाघराच्या दारात एक नवी बाई होती. गळ्यात शिटी, हातात मुलांच्या पाण्याच्या बाटल्या. त्याच्या मागे दोन-तीन आया आपापल्या पोरांना घेऊन उभ्या होत्या, एकीच्या हातात स्कूटरची किल्ली हलत होती. "कुणाला न्यायचंय?" बाईनं विचारलं. "भिंगरीला," त्याच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, माझी नात."

"भिंगरी नावाचं कुणी नाही इथे. खरं नाव काय?"

तो तयार होता. त्यानं श्वास घेतला, जीभ दातांवर टेकवली, आणि ती तिथेच राहिली. लोकांना वाटतं, अडखळणं म्हणजे आवाज पुन्हा पुन्हा येणं. ज्यांचं तेवढंच होतं ते नशीबवान. आवाज येतच नाही तेव्हा छातीत श्वास भरलेला असतो, गळ्याच्या शिरा ताठ होतात, डावा डोळा आपोआप मिटायला लागतो, आणि आत कुठेतरी माणूस अगदी शांतपणे बघत असतो की समोरच्या बाईच्या शिटीची दोरी निळी आहे. ट कडे वळावं असंही मनात आलं; बाईला तेच कळलं असतं. पण एकदा चिकटलेली जीभ टाळूपर्यंतसुद्धा मागे घेता येत नाही. "आजोबा, नाव," बाई म्हणाली. किल्ली हलायची थांबली. "बोलता येत नाही का तुम्हाला?" तिनं हे काही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. आणि त्यानं, ज्याला बोलता येत होतं, गळ्याला हात लावला आणि मान हलवली. नाही येत. इतकं सोपं होतं ते, की क्षणभर त्याला हलकं वाटलं.

"आत्ता तर बोललात की!" बाईचा चेहरा बदलला. तिनं अर्धं दार लोटून घेतलं. "आधी भलतंच नाव सांगितलंत, आता म्हणता बोलता येत नाही. कोण तुम्ही?" त्यानं खिशातलं पेन काढलं, हाताच्या तळव्यावरच नाव लिहिलं आणि पुढे धरलं. "ट्विशा? ट्विशा तीन आहेत माझ्याकडे," बाई म्हणाली. "हातावर लिहिलेल्या नावावर मी कुणाला पोर देत नाही. बसा तिकडे. आईला फोन लावते." मागच्या आयांनी आपापल्या मुलांचे हात घट्ट धरले. एकीनं आपल्या मुलीला त्याच्यापासून दुसऱ्या बाजूला घेतलं. त्याला ते दिसलं. तो भिंतीलगतच्या बुटक्या बाकावर बसला. बाक मुलांचा होता, गुडघे छातीशी आले. तळहातावरचं नाव घामानं पसरत होतं.

मुलगी टॅक्सीनं आली तेव्हा पाळणाघरात तिची एकटीच पोर उरली होती. बाईनं सगळी हकिकत सांगितली, तिच्या परीनं बरोबरच सांगितली. मुलगी म्हणाली, "हे माझे वडील आहेत. चांगले बोलतात." पोरीला खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. तो मागे. रस्ता ओलांडून बसथांब्यापाशी आल्यावर ती वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज करडा. "एवढं नकोसं आहे? बैठक सोडून आले मी. मुकं असल्याचं सोंग आणलंत, पण नाव म्हणून घेतलं नाहीत! काय वाकडं केलंय या पोरीनं तुमचं?"

त्यानं तोंड उघडलं. 'म्हणजे' जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. मग जे होत होतं ते त्यानं होऊ दिलं, आयुष्यात पहिल्यांदाच, माणसासमोर. मान ताठ झाली, डोळा मिटला, ओठ एका बाजूला ओढला गेला. मुलगी घाबरून ओरडली, "बाबा! काय होतंय? बसा, बसा इथे! कुणीतरी पाणी..." तिला वाटलं झटका आला. तिनं एका हातानं पोर आणि एका हातानं त्याला धरलं. त्यानं हात वर केला, थांब असा. बसला. "त्... त्... त त त... त्विषा," तो म्हणाला. कपाळावरून घाम ओघळला. "लहानपणापासून. त... त. माझं स्वतःचं नावसुद्धा."

मुलगी त्याच्या शेजारी बसली. एक बस आली, थांबली, गेली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपेला आली होती. तिला सावरून घेत मुलगी म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"असणार."

"असणार म्हणजे काय, बाबा?"

"कधी बोललो नाही आम्ही."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली. "शाळेत पालकांना बोलवायचे, तुम्ही कधी आला नाहीत. मला वाटायचं, मुलगी म्हणून तुम्हाला माझी पडलेली नाही. लग्नात सगळे दोन शब्द बोलले, तुम्ही नुसते हात जोडून उभे राहिलात. मी नवऱ्याला सांगितलं, त्यांना हे लग्न पसंत नसेल. तुम्ही मला 'तू' म्हणून हाक मारल्याचं आठवत नाही मला! आणि मी काय काय अर्थ लावत बसले आयुष्यभर!" शेजारी उभा असलेला एक माणूस बसचा फलक वाचायला लागला. ती थांबली, नाक पुसलं. मग एकदम म्हणाली, "बदलू का नाव? लहान आहे अजून. नाहीतरी सगळ्यांचं झालंय."

"नको," तो म्हणाला. "चांगलं आहे."

"मग उद्याही तुम्हीच आणा तिला," ती म्हणाली आणि उठली. "मी सांगून ठेवते बाईंना."

"सांगू नकोस काही."

दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी पोचला आणि कोपऱ्यावर घुटमळला. वाटेत आज त्यानं काहीच म्हणून पाहिलं नव्हतं. दारात तीच बाई होती. त्याला बघून ओशाळली, दार पूर्ण उघडलं. "आत जा ना आजोबा. मागच्या खोलीत खेळतायत, हाक मारा." खोलीच्या उंबऱ्यावर तो थांबला. आत सात-आठ पोरं, प्लॅस्टिकची घसरगुंडी, भिंतीपाशी ओळीनं चपला. त्याची नात त्याच्याकडे पाठ करून एका डब्याला दुसऱ्या डब्याचं झाकण लावायच्या खटपटीत होती. मागे कुणाची तरी आई येऊन उभी राहिली. त्यानं हाक मारली. त ला वेळ लागला, तो तीन-चारदा ठेचकाळला, पण नाव बाहेर आलं, नीट, अर्धा त आणि त्याला लागून वि. दोन मुली धावत आल्या. एकीच्या पाठीवर दप्तर होतं, दुसरीच्या एकाच पायात बूट. दोघी त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि हा आपल्यातल्या कुणाचा, असं एकमेकींकडे बघू लागल्या. नात वळलीच नाही. या आवाजात हे नाव तिनं जवळपास कधी ऐकलंच नव्हतं. तिच्या लेखी आजोबा बोलवत होते ते दुसऱ्याच कुणाला तरी. मागची आई मदतीला म्हणून पुढे झाली, "कोणती? मी बोलवू का?" त्यानं मान हलवून नको म्हटलं. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा जीभ टेकवली. एका बुटाची मुलगी त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती, काहीतरी निघणार आहे आणि ते चुकवायचं नाही अशी. त... त... आणि आवाज अजून अर्ध्यावरच होता तेव्हा भिंगरीनं झाकण खाली ठेवलं, मान वळवली, त्याला पाहिलं आणि हसत उठली. आता पुढचं म्हणायची गरज राहिली नव्हती. ती येतच होती. तरी तो उंबऱ्यावर तसाच थांबला आणि उरलेलं नाव त्यानं पुरं केलं.